तिचं स्वतःचं लग्न झालेलं नाही, ती मला काय सांगणार?

पत्राचा सारांश: कोल्हापूरहून एका अडतीस वर्षांच्या वाचक मैत्रिणीने लिहिलंय. पतसंस्थेत नोकरी, घरी नवरा, शाळेत जाणारा मुलगा आणि सासूबाई. सासरे गेल्यापासून घरात खटके वाढलेत. मारहाण, शिवीगाळ नाही, पण रोजचे टोमणे, नवरा मधे पडत नाही आणि हिची झोप उडालेली. मैत्रिणीच्या सांगण्यावरून मुंबईच्या एका थेरपिस्टकडे ऑनलाइन सेशन सुरू केली, एका वेळचे बाराशे रुपये. पाच-सहा सेशननंतर ही वैतागली. मॅडम आधी आयटी कंपनीत एचआरला होत्या, मग एमए केलं, प्रोफाइलवर ‘इंटिग्रेटिव्ह अप्रोच, आरईबीटी’ असं काय काय लिहिलंय. वेगळं राहू की नको हे विचारलं तर त्या उलट हिलाच विचारतात, वर वहीत लिहायचा होमवर्क देतात. ‘तुमचं लग्न झालंय का’ असं विचारलं तर म्हणाल्या, ‘तुम्हाला हे आज का विचारावंसं वाटलं?’ हिला तो अपमान वाटला. नवऱ्याच्या मते हे म्हणजे पैसे देऊन गप्पा मारणं. हिला विचारायचंय की थेरपिस्ट बदलू, बंद करू, की गप्प बसून चालू ठेवू?

तुला तू म्हणते, चालेल ना? पत्रात तूच मला ताई म्हणालीस म्हणून.

आधी एक सांगते, तू तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्यास. मॅडमचं शिक्षण काय, मॅडमचं आयुष्य काय, आणि मॅडम काम कशा करतात. पहिली गोष्ट विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे, तिसरी तर विचारलीच पाहिजे, दुसरीचं जरा अवघड आहे, त्यावर सावकाश येते.

शिक्षणाचं उरकून टाकू. आपल्याकडे थेरपिस्ट, काउन्सेलर अशी पाटी लावायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि हे बहुतेकांना माहीतच नसतं. सायकिॲट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे त्यातलं एमडी नाहीतर डिप्लोमा केलेला डॉक्टर, गोळ्या लिहून देणं हे त्याचं काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने एमएच्या पुढचा, प्रत्यक्ष पेशंट बघत करायचा कोर्स केलेला असतो, बहुतेकांचं एमफिल असतं, आणि त्यांची नोंद आरसीआयकडे म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो नंबर मागता येतो आणि तपासता येतो. तुझ्या मॅडम यातल्या कुणीच नाहीत, त्या काउन्सेलिंग सायकॉलॉजीत एमए केलेल्या आहेत, आणि असे खूप लोक चांगलं काम करतात, पण त्यांच्याकडे दाखवायला आरसीआयचा नंबर नसतो. २०२१ साली केंद्राने आरोग्यातल्या इतर व्यवसायांसाठी जो कायदा केला त्याच्या यादीत सायकॉलॉजिस्ट आलेत खरे, पण डॉक्टरच्या रजिस्ट्रेशन नंबरसारखी सगळ्यांना सवयीची झालेली गोष्ट अजून झालेली नाही. म्हणून नंबर नाही म्हणजे बोगस असं धरू नकोस, आणि प्रोफाइलवर सात सर्टिफिकेटं आहेत म्हणजे तज्ज्ञ असंही धरू नकोस, कारण चार दिवसांचं वर्कशॉप केलं तरी सर्टिफिकेट मिळतं. विचारायचं हे की एमए कुठून आणि नियमित की कसं, शिकताना कुणाच्या देखरेखीखाली केसेस घेतल्या, आणि आत्ता सुपरव्हिजन घेता का. सुपरव्हिजन म्हणजे थेरपिस्टने आपल्या केसेस नाव-गाव न सांगता एखाद्या जास्त अनुभवी थेरपिस्टपुढे मांडायच्या आणि आपलं कुठे चुकतंय ते ऐकून घ्यायचं. माझ्या मते हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे, भिंतीवरच्या फ्रेमपेक्षा कितीतरी जास्त कळतं त्यातून.

आता एचआरचं. तू असं लिहिलंयस जणू ते तुला शोधून काढावं लागलं, पण मॅडमने ते स्वतःच प्रोफाइलवर लिहिलंय ना? मग लपवलेलं काही नाही. आणि या क्षेत्रात आडवाटेने आलेले लोक पहिल्यापासून आहेत. कार्ल रॉजर्स, ज्याने समोरच्याचं नीट ऐकून घेणं हाच उपचाराचा पाया आहे असं मांडलं, तो कॉलेजात गेला तो शेतीचं शिकायला, मग इतिहास, मग धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, आणि तिथून सायकॉलॉजीत. तुझ्या मॅडमच्या प्रोफाइलवर जी आरईबीटी नावाची उपचारपद्धती आहे ती काढणाऱ्या अल्बर्ट एलिसची पहिली डिग्री बिझनेसची होती. पुढे नावाजलेला मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन तर आधी चित्रं काढत युरोपभर फिरायचा, त्याच्याकडे कॉलेजची डिग्रीच नव्हती, नंतर व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइडच्या मुलीकडे, ॲना फ्रॉइडकडे, रीतसर शिकला. म्हणजे डिग्री नसली तरी चालतं असं मी म्हणत नाहीये हं, तो काळ वेगळा होता आणि तिघांनीही पुढे नीट शिक्षण घेतलं. आधीचं काम काय होतं यापेक्षा त्यातून ते काय घेऊन आलेत ते बघायचं. एचआरवाल्या बाईला दोन बाजू ऐकायची सवय असेल, भांडणात शांत राहता येत असेल. पण तिला ‘ॲडजस्ट करा, मार्ग काढू’ अशी मालकाच्या बाजूने बोलायची सवयही असू शकते, ती जर सेशनमधे येत असेल तर तुला ते जाणवेल, आणि जाणवलं तर बोल.

आता लग्नाचं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि माझं असं मत झालं की सगळा राग इथे आहे. ‘जिने सासू बघितली नाही तिला काय कळणार.’ बरं, मग जिने बघितलीय तिचं काय झालं? तूच लिहिलंयस की मावशीशी बोललीस, मावशी सव्वीस वर्षं एकत्र कुटुंबात राहिली, तिने ऐकलं अर्धं आणि मग तिच्या सासूचं सुरू झालं, आणि शेवटी काय तर ‘आम्ही सोसलं, तुम्हालाच जड जातंय’. तुझ्या मैत्रिणीने लग्नानंतर वर्षात वेगळं घर केलं, ती म्हणते तू पण निघ. दोघींना अनुभव आहे, दोघी तुझ्यावर माया करतात, आणि दोघींनी तुला आपापलं आयुष्य उत्तर म्हणून दिलं. तेच भोगलेल्या माणसाला समोरच्याचं चटकन कळतं हे खरंय, पण त्याला ते इतकं चटकन कळतं की तो पुढचं ऐकतच नाही, तुझं वाक्य अर्धवट असतानाच त्याच्या डोक्यात त्याची गोष्ट सुरू झालेली असते. थेरपिस्टला जे शिकवतात त्यातला मोठा भाग हाच असतो की स्वतःची गोष्ट बाजूला ठेवायची, आणि लग्न झालेल्या थेरपिस्टलाही ते शिकावंच लागतं, कदाचित जास्तच.

पण यालाही दुसरी बाजू आहे. काही वेळा थेरपिस्ट आपल्यातला असावा असं वाटणं अगदी रास्त असतं. जातीवरून ऐकून घ्यावं लागलेला मुलगा असेल, किंवा घरी सांगता न आलेलं समलिंगी नातं असलेली मुलगी असेल, तर त्यांना दर सेशनला समोरच्याला पहिल्यापासून समजावत बसायचं नसतं, आणि ‘तुम्हालाच तसं वाटत असेल’ हे तर ऐकायचंच नसतं. तेव्हा स्वतःला हे विचार की मॅडमना तुझं घर कळतंय का. एकाच किचनमधे दोन बायका म्हणजे काय, सासरे गेल्यावर सासूबाईंचा घरातला मान कसा बदलला, गावाकडची जमीन अजून कुणाच्या नावावर आहे, हे त्या विचारतात का? विचारत असतील तर लग्न झालंय की नाही याने काही अडत नाही. आणि विचारतच नसतील, ‘बाउंडरीज सेट करा’ असं मोबाइलवरच्या रीलसारखं बोलत असतील, तर अडचण लग्नाची नाही, कुतूहल नसण्याची आहे.

तू एका ओळीत एक गोष्ट उल्लेखून पुढे गेलीस, मी तिथेच थांबले. सेशन अर्धं इंग्रजीत होतं आणि तुला ‘शब्द जुळवावे लागतात’. अगं, हे केवढं मोठं आहे! जीव गुदमरतो, मन खातं, कोंडमारा होतो, कशातच राम वाटत नाही, या प्रत्येकात वेगळं काहीतरी सांगितलेलं असतं आणि तू त्या सगळ्याचं ‘आय फील स्ट्रेस्ड’ करून देतेस, मग मॅडमना तेवढंच कळणार. मॅडम मराठी बोलतात असं तूच लिहिलंयस, मग पुढच्या वेळी पहिल्याच मिनिटाला सांग की मला पूर्ण मराठीत बोलायचंय. कदाचित त्यांना वाटत असेल की तुलाच इंग्रजी बरं पडतं. तुझी निम्मी तक्रार इथेच मिटली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता तो अपमान. तू विचारलंस लग्न झालंय का, त्यांनी प्रश्न परतवला. हे असं का करतात ते सांगते, म्हणजे राग कमी व्हावा म्हणून नाही, नुसतं माहीत असावं म्हणून. मनोविश्लेषणाची पद्धत काढणाऱ्या सिग्मंड फ्रॉइडने १९१२ साली लिहून ठेवलं की उपचार करणाऱ्याने आरशासारखं असावं, समोरच्याला त्यात स्वतःचंच दिसावं, याचं काही दिसू नये. म्हणून मग थेरपिस्ट स्वतःबद्दल बोलत नाहीत ही रीत पडली, आणि त्यात तथ्य आहे, कारण त्या ‘हो, माझाही घटस्फोट झालाय’ असं म्हणाल्या असत्या तर पुढच्या सेशनला तू त्यांची काळजी करत बसली असतीस, तुझा स्वभाव तसा आहे हे पत्रावरून कळतं. पण रॉजर्सने पुढे उलट म्हटलं, की माणूस म्हणून खरेपणाने समोर बसा, मुखवटा नको. आजचे चांगले थेरपिस्ट या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतात. आणि आपल्याकडे तर एसटीत शेजारी बसलेली बाईसुद्धा गाव कुठलं, मुलं किती हे विचारते, ती चौकशी नसते, बोलायला सुरुवात असते. मॅडम ‘मी खासगी गोष्टी सांगत नाही, पण तुम्हाला शंका आली असेल की मला तुमचं कळेल का, त्यावर बोलू या’ असं म्हणू शकल्या असत्या. पुस्तकातलं वाक्य तोंडावर मारलं की ते लागतंच. म्हणून तुला वाईट वाटलं यात तुझं काही चुकलं नाही. फक्त एवढं लक्षात ठेव, शिक्षणाची, कामाची माहिती त्यांनी द्यायलाच हवी, घरची नाही.

आणि आता ज्यासाठी तू खरं पैसे भरतेस ते. त्या उत्तर का देत नाहीत? तुला हवंय की कुणीतरी शिकलेल्या माणसाने म्हणावं ‘वेगळं राहा’, म्हणजे नवऱ्याला सांगता येईल की मॅडम म्हणाल्या. खरं की नाही? पण उद्या वेगळं राहून नवरा दर रविवारी तोंड पाडून आईकडे जायला लागला तर ते तुला निस्तरायचंय, मॅडमना नाही. म्हणून निर्णय तुझा तुला घेऊ देतात, यात टाळाटाळ नाही.

पण मॅडमचीही एक चूक मला दिसते, आणि ती लहान नाही. आरईबीटी, ज्याला मराठीत विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात, ती काही ‘हं, बोला’ करत नुसती ऐकून घेणारी पद्धत नाही. एलिसने १९५५ च्या सुमाराला ती सुरू केली तीच मुळी फ्रॉइडच्या मनोविश्लेषणात फार वेळ जातो म्हणून वैतागून. यात थेरपिस्ट वाद घालतो, शिकवतो, होमवर्क देतो. आपल्या महाराष्ट्रात तर ती बरीच रुजलीय, मुंबईत कि. मो. फडक्यांनी आयुष्य त्यात घातलं, ठाण्याला १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच संस्था आहे, तिथेही हे विचार मराठीतून कितीतरी लोकांपर्यंत नेले गेले. तुला जी वही दिलीय ती शाळेतली वही नाही. काय घडलं, तेव्हा मनात काय आलं, आणि मग काय वाटलं, असे तीन रकाने आहेत ना? तोच या पद्धतीचा गाभा आहे. उदाहरणार्थ, तू ऑफिसातून उशिरा आलीस, सासूबाई म्हणाल्या ‘आमच्या वेळी दिवेलागणीला घरात असायचो’. हे घडलं. तुला रडू आलं, रात्री झोप नाही. हे वाटलं. आपण या दोन्हींची थेट गाठ मारतो, पण मधे एक वाक्य असतं, ‘मी वाईट सून आहे’ किंवा ‘त्यांनी मला असं बोलताच कामा नये’. पहिल्या वाक्याने अपराधी वाटतं, दुसऱ्याने संताप येतो, घडलेलं मात्र एकच. ते मधलं वाक्य पकडायचं, ते खरं आहे का, त्याने फायदा काय होतो हे तपासायचं. सासूबाई बदलतील असं यात कुणी सांगत नाही, तुझी रात्र वाचावी एवढंच.

हे मॅडमने पहिल्या-दुसऱ्या सेशनला तुला समजावून सांगायला हवं होतं! एडवर्ड बोर्डिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली मांडलं होतं की थेरपी चालते ती तीन गोष्टींवर, कुठे पोचायचं यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. तुझ्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टी बोलल्याच गेल्या नाहीत असं दिसतं, मग विश्वास कुठून येणार, आणि तू प्रोफाइलवर एचआर शोधत बसणार हे ओघानेच आलं. हेही सांगून ठेवते की ही पद्धत कुठे चालत नाही. जिथे हात उगारला जातो, पगार काढून घेतात, माहेरी जाऊ देत नाहीत, तिथे ‘तुझे विचार तपास’ हे सांगणं चूक आहे, तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आणि त्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी यांची मदत घ्यायची. तुझ्याकडे तसं नाही हे तू स्पष्ट लिहिलंयस, पण हे सदर वाचणाऱ्या कुणाकडे असेल.

मग करायचं काय. थेरपिस्ट लगेच बदलू नकोस, आणि गप्पही बसू नकोस. पुढचं एक सेशन फक्त यावरच घे. मला जे लिहिलंस तेच तिथे वाच, अगदी पत्र समोर धरून वाच, लाज वाटली तर आधी व्हॉट्सॲपवर पाठव की आज मला आपल्या कामाबद्दल बोलायचंय. ‘मागच्या वेळी तुम्ही प्रश्न परत विचारलात ते मला लागलं. आपण नक्की कशावर काम करतोय ते मला कळत नाहीये. अजून साधारण किती सेशन लागतील, आणि फरक पडतोय हे आपण कशावरून ओळखायचं?’ एवढं पुरे. त्या काय बोलतात त्यापेक्षा कशा ऐकतात ते बघ. तुझं म्हणणं ऐकून त्यांनी विचार केला, ‘हे मी आधी सांगायला हवं होतं’ म्हणाल्या, तर अशी थेरपिस्ट सहज मिळत नाही, टिकव. पण ‘हा तुमचा रेझिस्टन्स आहे’, म्हणजे उपचाराला तुमचाच आतून विरोध आहे, असं म्हणून तुलाच गप्प केलं, किंवा आधी दहा सेशनचं पॅकेज भरा, गॅरंटी देते असं सुरू झालं, दुसऱ्या क्लायंटच्या गोष्टी ओळखू येतील अशा सांगितल्या, नाहीतर डॉक्टरच्या गोळ्यांची काही गरज नसते म्हणाल्या, तर मग उठायचं, ती लग्न झालेली असो की नसो.

गुप्ततेचंही विचारून घे. तू सांगितलेलं बाहेर जाणार नाही, पण जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर त्यांना गप्प राहता येत नाही, दुसऱ्या बाबतीत तर पॉक्सो कायद्यानेच सांगावं लागतं. नवऱ्याने फोन केला तर काय सांगणार हे पण विचार, कारण पैसे त्याच्या खात्यातून जातात ना.

झोपेचं मात्र थांबवू नकोस. पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, जेवण जात नाही, असं कित्येक आठवडे चाललंय आणि मॅडमने अजून सायकिॲट्रिस्टचं नाव काढलं नसेल तर तूच काढ. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग आहे, बाहेरच्या मानाने नगण्य खर्चात होतं. इतर गावच्या वाचकांनी आपल्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कधी असते ते विचारावं, बाराशे रुपये सगळ्यांना परवडत नाहीत हे मलाही कळतं. आणि जगणंच नको असं कधी वाटलं तर टेली-मानस, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

नवऱ्याचं काय? गप्पाच आहेत म्हणतो ना, मग त्याला सांग की दहा वर्षांत घरी कुणी मारल्या नाहीत म्हणून विकत घ्याव्या लागल्या. रागाने नको, चहा पिताना. आणि मॅडमना विचार, एखाद्या सेशनला त्याला बोलावता येईल का, काही थेरपिस्ट बोलावतात, काही जोडप्यांसाठी दुसऱ्याचं नाव देतात.

आणि समजा बोलूनही जमलं नाही, तर मेसेज न करता, फोन न उचलता गायब होऊ नकोस, आपल्यात ही फार सवय आहे. शेवटचं एक सेशन सांगून घे, आतापर्यंत काय काय झालं ते त्यांच्याकडून चार ओळीत लिहून माग, आणि वही तुझ्याकडेच ठेव. नव्या माणसापुढे सगळं पहिल्यापासून सांगायची तुला जी धास्ती वाटतेय ना, ती त्या चार ओळींनी आणि वहीने बरीच कमी होईल.